उष्णतेचा हिशेब कोणी द्यायचा?

अकोल्यात मे महिन्याच्या दुपारी रस्ते ओस पडतात आणि माणसे दारे-खिडक्या लावून अंधाऱ्या खोलीत पडून राहतात. पारा ४५ अंशांवर गेला तरी येथे कोणाला त्याचे नवल वाटत नाही. गेल्या वर्षी अशाच एका दुपारी शेजारची मुलगी आमच्याकडे आली. तिच्या हातात बंद पडलेला लॅपटॉप होता. तिचे वडील एस. टी.त वाहक होते, आता निवृत्त आहेत. मुलगी संगणकावरील त्रिमित चित्रणाचे काम शिकली आणि पुण्या-मुंबईच्या कंपन्यांकडून येणारी कामे घरी बसून नगावर करून देते. त्यासाठी तिने ९६ हजार रुपयांचा 'गेमिंग' लॅपटॉप पतसंस्थेच्या कर्जावर २४ हप्त्यांनी घेतला होता. चौदाव्या महिन्यात पडद्यावर रंगीत रेघा उमटू लागल्या आणि आठवडाभरात पडदा काळा झाला.

अधिकृत सेवाकेंद्राने निदान केले की, आतील ग्राफिक्स चिप उष्णतेने निकामी झाली आहे. ही चिप मदरबोर्डला कायमची डागलेली असते, सबब संपूर्ण मदरबोर्ड बदलावा लागेल आणि त्यास ५८ हजार रुपये पडतील. हमी १२ महिन्यांची होती, ती संपली. वर एक उपदेशही मिळाला : "एवढ्या उन्हाळ्यात, गादीवर ठेवून मशीन वापरल्यावर दुसरे काय होणार?" हे सारे सांगून झाल्यावर तिने मला विचारले, "काका, चूक माझीच झाली का हो?"

या प्रश्नाचे उत्तर देणे एवढेच या लेखाचे प्रयोजन आहे. अर्थशास्त्र शिकवण्यात ज्याचे आयुष्य गेले त्याने यंत्रांच्या बाबतीत बोलू नये असे कोणी म्हणेल; परंतु हा प्रश्न यंत्राचा जेवढा आहे त्याहून अधिक हिशेबाचा आहे. नफा कोणाच्या खाती आणि तोटा कोणाच्या माथी, हा तो हिशेब होय.

आरंभीच एका आक्षेपाचा परामर्श घेतला पाहिजे. खेळ खेळण्यासाठी लाखभर रुपयांचे यंत्र घेणाऱ्यांच्या दुःखाला या पानावर जागा कशाला, असे आपल्यातील काही मंडळी म्हणतील. त्यांना वस्तुस्थिती ठाऊक नाही. 'गेमिंग' हे केवळ विक्रीचे नाव आहे. स्वतंत्र ग्राफिक्स चिप असलेला बाजारातील त्यातल्या त्यात स्वस्त सुवाह्य संगणक, एवढाच त्याचा व्यवहारातील अर्थ. वास्तुशास्त्राचा विद्यार्थी, लग्नसमारंभांच्या चित्रफिती जुळवणारा तालुक्याच्या गावचा छायाचित्रकार, अभियांत्रिकीचे आराखडे काढणारा तरुण, हे सारे तोच घेतात; कारण व्यावसायिकांसाठी म्हणून विकली जाणारी यंत्रे त्यांच्या आवाक्याबाहेरची असतात. विणकराला जसा माग, तसे या मुलांना हे यंत्र आहे. आणि समजा, एखाद्याने ते निव्वळ खेळण्यासाठीच घेतले, तरी त्याची फसवणूक झाली तर ती फसवणूक ठरत नाही काय? श्रमिकाच्या मुलाच्या करमणुकीकडे तुच्छतेने पाहण्याची खोड आपल्या चळवळीला बरीच जुनी आहे. ती सोडलेली बरी.

आता मूळ मुद्दा. संगणकाची चिप विजेवर चालते आणि ती जेवढी वीज घेते तेवढी सर्व अखेर उष्णतेच्या रूपाने बाहेर पडते. रॉबर्ट डेनार्ड व त्यांच्या सहकाऱ्यांनी १९७४ साली असे दाखवून दिले की, चिपवरील घटक जसजसे लहान होतील तसतशी त्यांना लागणारी वीजही त्याच प्रमाणात घटेल. तीसेक वर्षे हा नियम टिकला. २००५ च्या सुमारास तो मोडला. घटक लहान होत राहिले, पण वीज त्या मानाने कमी होईना. तेव्हापासून वेग वाढवायचा म्हणजे उष्णता वाढवायची असा व्यवहार होऊन बसला. आज मोठ्या गेमिंग लॅपटॉपमधील ग्राफिक्स चिप १५० वॉटपर्यंत वीज घेते. म्हणजे जुन्या पद्धतीच्या दोन छतपंख्यांना लागणारी वीज टपालाच्या तिकिटाएवढ्या तुकड्यात उष्णता होऊन साठते. ती बाहेर काढण्यासाठी दोन-अडीच सेंटिमीटर जाडीच्या पेटीत तांब्याच्या काही नळ्या, त्यांना जोडलेल्या धातूच्या पातळ पट्ट्या आणि दोन लहान पंखे, एवढीच सामग्री असते. चिप आणि तांबे यांच्यामध्ये उष्णतावाहक लेपाचा पातळ थर असतो. तो कालांतराने सुकतो आणि त्याची वाहकता घटते.

या ठिकाणी एक साधे गणित मांडतो. उष्णता किती वेगाने बाहेर जाईल हे ढोबळ मानाने चिपचे तापमान आणि भोवतालचे तापमान यांतील फरकावर ठरते. चिपची सुरक्षित मर्यादा ८५ अंश धरू. खोलीत २५ अंश असतील तर हा फरक ६० अंशांचा होतो. अकोला, चंद्रपूर किंवा नागपूरच्या पत्र्याच्या घरात ४५ अंश असतील तर तो ४० अंशांवर येतो. म्हणजे यंत्र तेच, पंखे तेच, पण उष्णता बाहेर टाकण्याची त्याची शक्ती एकतृतीयांशाने घटली. जे यंत्र थंड खोलीत १५० वॉट पेलते ते आमच्या मे महिन्यात १०० वॉटच पेलू शकते. ज्याने हे यंत्र रचले त्या अभियंत्याला हे गणित ठाऊक असतेच असते. अनेक लॅपटॉपांच्या माहितीपत्रकात बारीक अक्षरांत वापराची कमाल मर्यादा ३५ अंश अशी दिलेलीही असते. विदर्भ, मराठवाडा आणि खानदेश यांतील उन्हाळ्याची दुपार त्या मर्यादेबाहेरची आहे. असे असूनही हे यंत्र अकोल्याच्या दुकानात विकले जाते, आणि विकताना कोणीही ही अट ग्राहकाला वाचून दाखवत नाही.

मर्यादेजवळ पोहोचल्यावर चिप जळू नये म्हणून ती स्वतःचा वेग आपोआप कमी करते. ही योजना रास्तच आहे. परंतु अर्थशास्त्राच्या दृष्टीने तिचा अर्थ काय होतो? ग्राहकाने ज्या वेगाचे पैसे मोजले तो वेग त्याला काही मिनिटेच मिळाला. जाहिरातीत छापला जातो तो आरंभीचा वेग, तासाभराने उरणारा नव्हे. वाण्याने पहिले माप भरून द्यावे आणि पुढची मापे हात राखून द्यावीत, तशातला हा प्रकार आहे.

नावांचा घोळ तर याहून वाईट. एनव्हिडिया कंपनीची 'आरटीएक्स ४०९०' ही चिप उदाहरणादाखल घेऊ. मेजावरच्या संगणकासाठी याच नावाने जी वस्तू विकली गेली तीत १६,३८४ गणनघटक होते आणि ती ४५० वॉट वीज घेत असे. लॅपटॉपसाठी तेच नाव, शेवटी 'लॅपटॉप' असा शब्द जोडून, ज्या चिपला दिले गेले ती मुळात वेगळी आणि लहान चिप होती. तिच्यात ९,७२८ घटक आणि वीज ८० ते १५० वॉट. एवढ्यावरही भागत नाही. ८० वॉटवर बांधलेले यंत्र आणि १५० वॉटवर बांधलेले यंत्र, दोहोंवर नाव एकच. यापूर्वीच्या पिढीत कमी विजेच्या चिपांना निदान वेगळी खूण असे. २०२१ च्या आरंभी ती खूण लावण्याचे बंधनही सैल झाले आणि टीका झाल्यावर वॉटचा आकडा जाहीर करण्यास उत्पादकांना सांगण्यात आले. पण तो आकडा शोधून काढणे आणि त्याचा अर्थ लावणे ही जबाबदारी मात्र ग्राहकाचीच राहिली.

जॉर्ज अकरलॉफ यांनी १९७० साली जुन्या मोटारींच्या बाजाराचे उदाहरण घेऊन दाखवले होते की, विक्रेत्याला मालाचा दर्जा ठाऊक आणि ग्राहकाला तो ठाऊक नाही, अशा बाजारात चांगला माल हळूहळू हद्दपार होतो. जाड पेटी, मोठे पंखे आणि अधिक तांबे घालून जो उत्पादक प्रामाणिक यंत्र बनवील त्याचे यंत्र जड आणि महाग होणार. शेजारीच त्याच नावाची चिप असलेले पातळ, देखणे आणि स्वस्त यंत्र ठेवलेले असणार. ग्राहक कोणते उचलील? आणि मग उत्पादक म्हणणार की, पातळ यंत्रे ही तर लोकांचीच मागणी! जी मागणी जाहिरातींनी घडवली आणि माहिती दडवून पोसली, तिला लोकेच्छा म्हणणे हा शुद्ध कांगावा आहे. उत्पादनच गरजा निर्माण करते आणि मग त्या भागवल्याचे श्रेय घेते, असे गॅलब्रेथ यांनी १९५८ सालीच बजावले होते.

यावर कोणी म्हणेल की, एखाद्या सेवाकेंद्रातल्या एखाद्या माणसाच्या बोलण्यावरून एवढा निष्कर्ष काढणे योग्य नव्हे. म्हणून सर्वांना पाहता येईल असे एक प्रकरण सांगतो. २००८ च्या जुलैमध्ये एनव्हिडियाने जाहीर केले की, तिच्या काही लॅपटॉप-चिपा अपेक्षेपेक्षा अधिक प्रमाणात निकामी होत आहेत आणि त्यांच्या दुरुस्ती-बदलीसाठी १५ ते २० कोटी डॉलरची तरतूद करावी लागत आहे. चिप तापते तेव्हा प्रसरण पावते आणि निवते तेव्हा आकुंचन पावते. हे चक्र रोज अनेकदा घडते. चिप आणि तिची बैठक यांना जोडणारे सूक्ष्म सांधे या ओढाताणीत तडकत होते, कारण निवडलेले साहित्यच कच्चे होते. कंपनीच्या त्या निवेदनात कारणे तीन दिली होती : चिप व तिच्या वेष्टनाचे कमकुवत साहित्य, लॅपटॉप बनवणाऱ्यांची उष्णता-व्यवस्था, आणि ग्राहकांची वापरण्याची पद्धत! ज्यांनी पैसे मोजले तेही आरोपींच्या पिंजऱ्यात.

पुढचा अध्याय अधिक बोधप्रद आहे. काही लॅपटॉप-कंपन्यांनी यावर उपाय म्हणून यंत्राच्या मूळ आज्ञावलीत बदल पाठवला. त्यामुळे पंखे आधीच्यापेक्षा अधिक वेळ फिरू लागले. सदोष सांधा सदोषच राहिला, फक्त त्याच्या तडकण्याची वेळ पुढे ढकलली गेली. ती हमीच्या मुदतीपलीकडे जावी एवढाच यातला हेतू आहे, असा आक्षेप त्याच वेळी घेतला गेला होता आणि तो गैरलागू होता असे मला वाटत नाही. अखेर अमेरिकेतील ग्राहकांनी सामूहिक दावा लावला आणि २०१० साली तडजोड झाली. ॲपल कंपनीच्या २०११ च्या मोठ्या लॅपटॉपांतही, दुसऱ्या उत्पादकाची ग्राफिक्स चिप असताना, अशाच तक्रारी आल्या. तेथेही दावा आधी आला आणि मोफत दुरुस्तीची योजना नंतर, २०१५ च्या फेब्रुवारीत. या दोन प्रकरणांतून एकच गोष्ट सिद्ध होते. दोष यंत्राचा आहे हे कबूल करून घेण्यासाठी हजारो ग्राहकांना एकत्र यावे लागले. एकटा ग्राहक गेला तेव्हा त्याला हेच सांगितले गेले असणार, की तुम्ही ते गादीवर ठेवले.

आता उपदेशांकडे वळू. यंत्र तापते म्हणताच सल्ल्यांचा पाऊस पडतो. यंत्र टणक मेजावर ठेवावे, मागची बाजू थोडी उचलून ठेवावी, पट्ट्यांतील धूळ वर्षातून दोनदा काढावी, सुकलेला लेप बदलावा, दर सेकंदाला उमटणाऱ्या चित्रांच्या संख्येवर मर्यादा घालावी, चिपला पुरवला जाणारा विद्युतदाब किंचित उतरवावा. हे सल्ले चुकीचे नाहीत. ज्यांच्याकडे असे यंत्र आहे त्यांनी ते अवश्य पाळावेत. चित्रांची संख्या मर्यादित केली तरी तापमान लक्षणीय उतरते आणि त्याला खर्च काहीच येत नाही. माझा आक्षेप सल्ल्यांना नाही, त्यांच्या आडून काढल्या जाणाऱ्या निष्कर्षाला आहे. चित्रांवर मर्यादा घाला याचा अर्थ, विकत घेतलेली शक्ती वापरू नका. लेप बदला म्हणावे, तर अनेक ठिकाणी पेटी उघडल्यावर हमी नाकारण्याची भीती असते. शिवाय बाजारात दोन-अडीच हजारांना पंख्यांची बैठक मिळते, ती निराळीच. ज्या दोषासाठी उत्पादकाने पैसे वाचवले त्याच दोषावर मलम म्हणून ग्राहकाने पुन्हा पैसे मोजावेत! विल्यम कॅप यांनी १९५० साली खासगी उद्योगांच्या सामाजिक खर्चावर ग्रंथ लिहिला. उद्योग आपल्या खर्चाचा जो भाग हिशेबाबाहेर ढकलतो तो नाहीसा होत नाही, तो दुसऱ्या कोणाला तरी भरावा लागतो, हे त्याचे सार. धुराड्याचा धूर वस्तीवर जातो. चिपची उष्णता ग्राहकाच्या माथी जाते.

ती पुढे आणखी खालीही जाते. आमच्या बसस्थानकाजवळ एक दुरुस्तीचे दुकान आहे. तेथील कारागिराने आरंभ रेडिओपासून केला आणि आज तो लॅपटॉप उघडतो. त्याने या मुलीचे यंत्र उघडले तेव्हा पट्ट्यांमध्ये धूळ आणि कापसाचे बारीक तंतू गच्च बसलेले होते, लेपाची पापडी झालेली होती. या जिल्ह्यात कापूस पिकतो हे यंत्र रचणाऱ्याला ठाऊक असण्याचे कारण नाही. परंतु हवा जाते तेथे धूळ जाते, हे तरी त्याला ठाऊक असायला हवे. कारागिराने आधीच बजावले की, तापवून सांधे पुन्हा बसवता येतील, पण भरवसा देता येणार नाही. यंत्र पाच आठवडे चालले आणि पुन्हा अंधार झाला. या माणसाजवळ कंपनीचा मंडल-आराखडा नसतो, मूळ सुटे भाग नसतात. मुंबईच्या लॅमिंग्टन रोडपासून दिल्लीच्या नेहरू प्लेसपर्यंत ही सारी विद्या हातोहात फिरणाऱ्या नकलांवर आणि डोळ्यांच्या अंदाजावर चालते. सोल्डरचा धूर छातीत घेत तो जे करतो त्याला कंपन्या 'अनधिकृत' म्हणतात. आणि जे यंत्र त्याच्याही हातून सुधारत नाही ते अखेर दिल्लीच्या सीलमपूरसारख्या वस्तीत जाते. तेथे उघड्या हातांनी त्यातील तांबे आणि सोने वेगळे केले जाते. हिशेबाची शेवटची ओळ त्या हातांवर लिहिली जाते.

मग कायदा काय करतो? २०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्याने वस्तूच्या उत्तरदायित्वाचे स्वतंत्र प्रकरण आणले आणि रचनेतील दोषाबद्दल उत्पादकाला जबाबदार धरले, हे स्वागतार्हच आहे. परंतु त्यातील 'हानी' या शब्दाची व्याख्या वाचावी. खुद्द वस्तूची झालेली हानी आणि व्यापारी अथवा आर्थिक नुकसान त्यातून वगळलेले आहे. लॅपटॉपने घर पेटले तर हे प्रकरण लागू होईल. लॅपटॉप स्वतःच मेला आणि मुलीची दोन महिन्यांची मिळकत बुडाली तर नाही. सदोष वस्तूबद्दल आयोगाकडे जाण्याचा साधा मार्ग उरतो. पण त्या मार्गावर एकट्या ग्राहकाने चिपच्या रचनेतील दोष सिद्ध करायचा, तोही ज्याच्याकडे सारी कागदपत्रे आहेत त्याच्याविरुद्ध. केंद्र सरकारने २०२२ च्या डिसेंबरमध्ये दुरुस्तीच्या हक्कासाठी संकेतस्थळ सुरू केले. संकेतस्थळ म्हणजे हक्क नव्हे.

करण्यासारखे मात्र पुष्कळ आहे, आणि ते अशक्यप्राय मुळीच नाही. आपल्या देशात वातानुकूलन यंत्रांचे तारांकन ठरवताना बाहेरचे तापमान २४ ते ४३ अंश असे गृहीत धरतात. म्हणजे आपल्या हवेचा विचार करून मापदंड ठरवता येतो हे आपणच सिद्ध केले आहे. तोच न्याय लॅपटॉपला लावावा. ४० अंशांच्या खोलीत सलग एक तास पूर्ण भाराने चालवल्यावर किती वॉट आणि किती वेग उरतो, हा आकडा वेष्टनावर किमतीएवढ्याच ठळक अक्षरांत छापण्याची सक्ती असावी. फ्रान्समध्ये २०२१ पासून लॅपटॉपवर दुरुस्तीसुलभतेचे दहापैकी गुण छापावे लागतात. तसे येथेही व्हावे. पंखे साफ करणे आणि लेप बदलणे यांमुळे हमी रद्द होणार नाही, हे कायद्याने स्पष्ट करावे. आराखडे आणि सुटे भाग स्वतंत्र कारागिराला वाजवी दराने मिळावेत. आणि जी चिप बदलताच येत नाही अशा रीतीने डागलेली असते तिची हमी किमान पाच वर्षांची असावी. बदलता न येण्याची सोय ज्याने स्वतःसाठी करून घेतली, त्याने तिची जोखीमही घ्यावी. यंत्रे महाग होतील अशी ओरड यावर होईल. ती महाग होणार नाहीत. त्यांची खरी किंमत तेवढी प्रथमच पावतीवर दिसेल. आज तीच किंमत पंधराव्या महिन्यात भरावी लागते.

यासाठी ग्राहक संघटनांनी आणि विद्यार्थी संघटनांनी निकामी चिपांची जिल्हावार नोंद सुरू केली पाहिजे. यंत्राचे नाव, खरेदीचा महिना, बंद पडल्याचा महिना आणि सेवाकेंद्राने दिलेले कारण, एवढ्या चार रकान्यांची वही पुरेल. अमेरिकेतील ग्राहकांना जे मिळाले ते त्यांच्या तक्रारी एका जागी जमा झाल्या म्हणून मिळाले. आपल्या तक्रारी एकेकट्या घरी जातात आणि तेथे त्यांचे अपराधभावनेत रूपांतर होते.

त्या मुलीचे दहा हप्ते तेव्हा शिल्लक होते. बंद यंत्राचे हप्ते तिने भरले आणि मधले दोन महिने मैत्रिणीचा संगणक रात्री मागून काम केले. तिच्या प्रश्नाचे उत्तर मी तिला दिले, तेच येथे लिहितो. नाही बाळ, चूक तुझी नाही. अकोल्यात ऊन असते आणि कापूस असतो. हे ठाऊक करून घेण्याची जबाबदारी अकोल्यात येऊन तुझ्याकडून ९६ हजार रुपये घेणाऱ्याची होती.